जपून म्हणजे किती घागरी?

वळवाचं वादळ होऊन गेलं की आमच्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो. "तीन दिवस लाईट नव्हती, पाणी नव्हतं, एवढंच. तेवढ्यात माणसं एकमेकांवर अशी तुटून पडतात? आमच्या घरातच काही खोट आहे का?"

फुलेवाडीच्या बाजूचं असंच एक घर. ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून त्यांची हकिगत इथे दिली आहे. नवरा शिरोली एमआयडीसीत सेकंड शिफ्टला, बायको घर सांभाळून शिवणकाम करणारी, घरात सासूबाई (सून त्यांना आत्ती म्हणते), तेरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. मे महिन्यात दुपारी वादळ आलं, गल्लीच्या तोंडाचं झाड तारांवर कोसळलं आणि लाईट गेली. घर नदीपासून लांब, उंचावर. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहराची उपसा केंद्रं बुडून टँकरपुढे रांगा लागल्या, तेव्हाही यांच्या दारात पाणी आलं नव्हतं. त्यामुळे वादळाने आपलं काय बिघडणार, अशीच सगळ्यांची समजूत.

पण कोल्हापुरात लाईट गेली की मागोमाग पाणीही जातं. शहरासाठी नदीतून पाणी उचलणारा शिंगणापूरचा उपसा विजेवर, काळम्मावाडी धरणाच्या थेट पाईपलाईनचे पंपही विजेवर. चावीला (नळाला) पाणी आलंच, तर ते गच्चीवर चढवायला घरची मोटर लागते. एक एचपीची मोटर चालू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, घरगुती इन्व्हर्टरला ते पेलत नाही. यांच्या हजार लिटरच्या टाकीत त्या दिवशी पाव टाकी पाणी होतं. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, म्हणजे पाच माणसांना पावणेसातशे. रोजच्या सवयीने चाव्या सोडल्यावर अडीचशे लिटर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही पुरलं नाही.

पहिल्या भेटीत भांडण कशावरून झालं हा विषय बाजूला ठेवला. तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ फक्त तासातासाने सांगायला सांगितली. कोण कुठे होतं, कुठल्या भांड्यात किती पाणी होतं. घरात किती पाणी उरलंय हे पाचांपैकी एकट्या सुनेलाच ठाऊक होतं. आत्तींचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं आणि फ्रीज बंद आहे, हेही तिच्याच डोक्यात. नवऱ्याला ते फ्रीजमध्ये ठेवतात याचीच कल्पना नव्हती.

तिने सगळ्यांना वीसदा तरी सांगितलं होतं, "पाणी जपून वापरा." आत्तींनी जपून म्हणजे आंघोळीला एक बादली कमी, असं धरलं. मुलीने केस धुवायचे टाळले. मुलाला त्यातून काहीच कळलं नाही. रात्री साडेअकराला नवरा शिफ्ट करून आला आणि कट्ट्यावरच्या भरल्या घागरीतून तांब्याने पाणी घेऊन हातपाय धुतले. ती घागर प्यायच्या पाण्याची, शेवटची. ही ओरडली. तो म्हणाला, "एवढ्या एका घागरीपायी?" आत्ती म्हणाल्या, "आम्ही विहिरीवरनं आणत होतो पाणी, पण असा तमाशा नाही केला." ही उठली आणि गच्चीवर जाऊन बसली. पहाटे मुलाने अंथरूण ओलं केलं. अंधारात संडासला एकट्याने जायची त्याला भीती, म्हणून त्याने रात्रभर दाबून धरलं होतं. एक चादर आणि गोधडी धुवायची म्हणजे तीस लिटर पाणी. तिचा हात मुलावर उठला तो त्या तीस लिटरपायी. समुपदेशनाला येताना तिच्या मनावर सगळ्यात मोठं ओझं त्याचंच होतं.

आमचं मत स्पष्ट आहे. अशा घरात नात्यात खोट असतेच असं नाही. टंचाईचा हिशोब एकटीच्या डोक्यात चालू असतो आणि बाकीच्यांना दिसते ती फक्त तिची चिडचिड. "तुम्ही शांत राहायला शिका" असा सल्ला तिला देणं अन्यायाचं ठरलं असतं. हिशोबच डोक्यातून भिंतीवर आणायचा होता.

पहिला प्रयत्न फसला. मुलीने व्हॉट्सॲपवर छान यादी केली, पण ती वाचायची आठवण करून द्यायचं काम पुन्हा आईवरच आलं. शिवाय लाईट गेल्यावर दुसऱ्या दिवशी मोबाईलच बंद पडणार, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या भेटीत खडू आणि लाल दोरा एवढ्यावरच ठरवलं.

त्यांची घागर मोजली, चौदा लिटरची निघाली. टंचाईत माणशी पंधरा लिटर धरले तर पाचजणांना दिवसाला पंचाहत्तर, म्हणजे साडेपाच घागरी. त्यातल्या दोन पिण्या-स्वयंपाकाच्या. त्यांच्या गळ्याला लाल दोरा, त्याला दुसऱ्या कुठल्याही कामासाठी हात लावायचा नाही. स्वयंपाकघराच्या दारामागे खडूच्या उभ्या रेघा, जेवढ्या घागरी तेवढ्या रेघा, आणि घागर संपवेल त्यानेच रेघ पुसायची. हा नियम सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्याने पहारेकऱ्याची गरज संपते. लाईट गेल्या गेल्या टाकीखालचा वॉल्व्ह बंद करायचा आणि लागेल तेवढंच पाणी बादलीत काढायचं. चावीखाली हात धुताना वाया जातं त्याच्या निम्म्याने तांब्यात भागतं. आंघोळीचं, भांड्यांचं पाणी एका टिपाडात साठवायचं आणि संडासात तेच ओतायचं. थोडं थोडं ओतलं तर दुप्पट लागतं, चार-पाच लिटर एका झटक्यात उंचावरून ओतलं की साफ होतं.

कामं नावानिशी वाटली. रेघा मोजणं आणि पाणी उकळणं आत्तींकडे. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट तसंच उकळू द्यायचं, मग झाकून ठेवायचं. इतकी वर्षं विहिरीच्या गोष्टी सांगणाऱ्या बाईला घरात पुन्हा पाण्याचा अधिकार मिळाला. तिसऱ्या भेटीत त्या विहिरीबद्दल एकदाही बोलल्या नाहीत. इन्सुलिनचं त्यांनी डॉक्टरांना स्वतः विचारून घेतलं. वापरात असलेलं पेन साधारण चार आठवडे फ्रीजबाहेर चालतं, उन्हापासून लांब आणि तीस अंशांच्या आत ठेवलं तर. न उघडलेली पेनं कोरड्या डब्यात घालून डबा मडक्यात ठेवायचा, मडक्याला ओलं फडकं गुंडाळायचं. बर्फाला टेकवायचं नाही, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

महावितरणला फोन करणं नवऱ्याकडे, पण सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला, एवढंच. "लाईट कधी येणार?" हा प्रश्न दिवसातून तीसदा विचारला की घर ताणलेलंच राहतं. आधी सबस्टेशन आणि मोठ्या वाहिन्या, मग भागाभागात वीज नेणारे ११ केव्हीचे फीडर, मग गल्लीचा डीपी (ट्रान्सफॉर्मर), शेवटी घरची सर्व्हिस वायर, या क्रमाने दुरुस्ती होते. शेजारच्या गल्लीत लाईट आली आणि आपल्याकडे नाही, तर बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक हाताशी धरून १९१२ ला तक्रार करायची. तेव्हा तिचा खरा उपयोग होतो. तुटलेली तार दिसली तर मात्र सकाळ-संध्याकाळ बघायची नाही, लगेच कळवायचं आणि तिच्या जवळपासही फिरकायचं नाही. लाईट आल्यावर आधी एकच बल्ब लावून बघायचा. तो नेहमीपेक्षा जास्त लखलखला तर न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तुटलेली असू शकते, मेन स्विच बंद. टीव्ही-फ्रीजची बटणं त्याआधीच बंद हवीत.

इन्व्हर्टरवरून बापलेकीचं वाजलं होतं. १५० एएचच्या चांगल्या बॅटरीतून साधारण बाराशे वॅट-तास मिळतात. दोन साधे पंखे, तीन एलईडी आणि राउटर यांवर ती सहा-साडेसहा तासांत संपते, एक पंखा बंद केला तर दहाच्या पुढे जाते. मुलीने हे गणित स्वतः वहीत मांडलं, म्हणून ते तिने पाळलं.

मुलाला "घाबरतोस काय एवढा?" म्हणणं बंद केलं. संडासच्या दाराबाहेर खिळ्याला टॉर्च, आणि अंधार पडायच्या आत तो तिथे अडकवणं हे त्याचंच काम. झोपण्यापूर्वी कोणीतरी सोबत जायचं, न कुरकुरता. त्याच्या अंथरुणाखाली मेणकापड. आईने त्याला मारल्याबद्दल जवळ घेऊन सांगितलं, "चूक माझी होती, पाणी कमी होतं म्हणून मी चिडले." वादळानंतर काही आठवडे मुलं अंथरूण ओलं करतात, एकटी झोपत नाहीत, ते बहुधा आपोआप कमी होतं. महिना उलटूनही ढग दिसताच रडणं, जेवण तुटणं, शाळा नको म्हणणं चालूच राहिलं तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. घरातल्या मोठ्यांनाही झोप लागेना, सारखं रडू यायला लागलं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

जूनमध्ये पुन्हा एकदा सव्वीस तास लाईट गेली. भांडण झालंच, टँकरच्या रांगेत कोण उभं राहणार यावरून, आणि अर्ध्या तासात मिटलं. चावीला पाणी आलं तेव्हा पहिलं गढूळ पाणी टिपाडात सोडलं. रिकाम्या पाईपात गळतीच्या जागांमधून बाहेरची घाण ओढली जाते, म्हणून ते प्यायचं नाही, हे आता पाचही जणांना ठाऊक होतं. त्या रात्री मुलाचं अंथरूण ओलं झालं. आईने चादर घडी करून बाजूला ठेवली आणि मेणकापड एका मगभर पाण्याने पुसून घेतलं. सकाळी त्यावर कोणी काही बोललं नाही.