थंडी खरंच कमी आहे का, आणि मोहोराचे काय? शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तर

गेल्या पंधरवड्यात गोव्याच्या पेडणे, डिचोली, सत्तरी तालुक्यांतून आलेल्या बहुतेक फोनचा सूर एकच होता: "साहेब, जानेवारी अर्धा सरला तरी थंडी नाही. मोबाईल ३६ दाखवतो. मानकुराद आंब्याला मोहोराऐवजी पालवी फुटली. काय फवारू?"

फवारणीचे नंतर बोलू. आधी तो ३६ चा आकडा तपासू.

मोबाईलवरचे तापमान तुमच्या बागेत मोजलेले नसते, तो मोठ्या टापूचा अंदाज असतो. शिवाय दमटपणा धरून काढलेला 'जाणवणारा' आकडाच पुष्कळांना खरा वाटतो. वाळपईकडच्या एका बागायतदाराने हौसेने तापमापक आणला, पण टांगला पडवीच्या पत्र्याखाली. दुपारी दोनला तो ३८ दाखवत होता. तोच आम्ही फणसाच्या सावलीत, छातीच्या उंचीवर, वारा लागेल असा बांधला. अर्ध्या तासात ३४ वर उतरला. वेधशाळेत तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवतात तो याचसाठी.

आता सरासरी. हवामान खाते ती ३० वर्षांच्या नोंदींवरून काढते. सध्या १९९१ ते २०२० हा काळ धरतात. जुना १९८१-२०१० चा तक्ता हाती असेल तर तुलना चुकेल. पणजीला जानेवारीत दुपारी ३२ च्या आसपास आणि पहाटे २० च्या आसपास तापमान नेहमीचेच आहे. सत्तरी, सांग्यात समुद्र लांब, म्हणून दुपार अधिक तापते आणि पहाट अधिक गार होते. तिथल्या बागेला पणजीचे माप लावू नका. सरासरीशी फरक दीड अंशाच्या आत असेल तर ते सरासरीइतकेच. १.६ ते ३ अंश म्हणजे सरासरीपेक्षा जास्त, ३.१ ते ५ म्हणजे बरेच जास्त. किनारपट्टीवर उष्णतेची लाट म्हणायला पारा किमान ३७ आणि फरक किमान साडेचार अंश लागतो. म्हणजे पणजीचा खराखुरा ३६ सुद्धा लाट नव्हे, पण दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशातले दिवसाचे सरासरी तापमान १९०१ पासूनच्या सगळ्या फेब्रुवारींपेक्षा जास्त होते, हे आपण विसरलेलो नाही.

आंब्यासाठी मात्र दुपारपेक्षा पहाटेचा आकडा मोलाचा. पूर्वेचा कोरडा वारा जोरात असला आणि समुद्रावरचा खारा वारा उशिरा आला की दुपार तापते. रात्री आभाळ आले की पहाट गार होत नाही. आंब्याला मोहोर धरायला ओळीने काही रात्री २० च्या खाली लागतात. त्या मिळाल्या नाहीत की फांदीच्या डोळ्यातून पालवी येते. म्हणून पहाटेचे तापमान रोज वहीत लिहा. दहा दिवसांची नोंद घेऊन आलात तर सल्ला नेमका देता येईल.

पालवी आलीच असेल तर मोहोर काढण्यासाठी औषधाच्या मागे लागू नका. कोवळ्या पानांवर तुडतुडे दिसतात का ते पाहा आणि पालवी जून होऊ द्या. जिथे फळधारणा झाली आहे तिथे उष्णतेने फळांची गळ वाढते. मोठ्या झाडाला पंधरा दिवसांच्या अंतराने १५० ते २०० लिटर पाणी आळ्यात द्या, वर सुक्या पानांचे आच्छादन करा. फळे वाटाण्याएवढी, मग गोटीएवढी, मग अंड्याएवढी झाली की दर वेळी एक टक्का पोटॅशियम नायट्रेट (१३:०:४५) फवारा, उन्हाच्या वेळी नको.

काजूला धोका ढगाळ, दमट दिवसांत. कोवळा दांडा हातात घेऊन पाहा: काळपट चट्टे आणि सुकलेला शेंडा दिसला तर ती ढेकण्या नावाची कीड. ती दिसली तरच फवारा, आणि फुलोऱ्यात मधमाश्या फिरत असताना नाही. औषध व प्रमाण विभागीय कृषी कार्यालयात विचारून घ्या. येताना तो दांडाही घेऊन या.

कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पश्चिमेचे ऊन अंगावर घेणाऱ्या सुपारीच्या खोडांना चुना लावायला फेब्रुवारी उजाडू देऊ नका.