डोळ्यांच्या गोळ्यांबद्दल

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला, बाटलीचा फोटोही पाहिला. ‘सर, तुमची नजर व्हिटॅमिननी सुधारली ना, मग मीही सुरू करतो,’ असं लिहिलंयस. सुधारली हे खरं. पण कुठलं जीवनसत्त्व, ते का द्यावं लागलं आणि सुधारलं म्हणजे नेमकं काय झालं, याची चौकशी कोणी करत नाही. ‘सरांचे डोळे गोळ्यांनी बरे झाले’ एवढंच वाडीभर फिरतंय. तेही चूकच, गोळ्या नव्हत्याच, इंजेक्शनं होती. म्हणून सविस्तर लिहितो.

माझी तक्रार चष्म्याच्या नंबरची नव्हती. नंबर तपासून झाला, काचा बदलून झाल्या, तरी अक्षरांवर धूर बसल्यासारखं वाटायचं. त्यात मे महिन्यात पडवीत रातांबे फोडायला बसलो होतो. घरातले म्हणत होते, यंदा काय लालभडक आलेत! मला मात्र ते मातकट दिसत होते. रत्नागिरीच्या डॉक्टरांना हे सांगितल्यावर त्यांनी थेंबांच्या बाटलीचं लाल टोपण माझ्यापुढे धरलं. नजरेसमोर सरळ धरलं की विटकं दिसे, जरा बाजूला सरकवलं की पुन्हा लाल. त्यावरून त्यांना शंका आली की दोष भिंगात नाही, डोळ्यामागच्या नसेत आहे. मग प्रश्न डोळा सोडून भलतीकडेच वळले. मासे खाता का? पायांना मुंग्या येतात का? साखरेसाठी कुठली गोळी चालू आहे?

माळ घातल्यापासून मासे बंद, दूध पहिल्यापासून नावडतं, तळपायांना मुंग्या होत्याच आणि मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू. बी-१२ हे जीवनसत्त्व भाजी-आमटीतून मिळत नाही. ते मासे, मटण, अंडी आणि दूध-दही यांतून येतं, आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतली की त्याचं शोषण कमी होऊ शकतं. रक्त तपासलं तर बी-१२ तळाला गेलेलं. इंजेक्शनं सुरू झाली, आधी रोज, मग आठवड्याला, आता महिन्याला एक. रंग परत यायला काही महिने गेले, अक्षरांवरचा धूरही हटला. नस पुरती सुकून गेल्यावर मात्र कितीही इंजेक्शनं दिली तरी गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. आणि चष्मा? तो आजही नाकावर आहे, त्याच नंबरचा.

म्हणजे जिथलं कौल फुटलंय तिथं नवं बसवलं की गळती थांबते. धड छपरावर कौलांचा दुसरा थर चढवून घर जास्त कोरडं होत नाही.

आता तुझं. तुझा नंबर उणे आहे, म्हणजे तुझा डोळा पुढून मागे प्रमाणापेक्षा जरा लांब वाढलाय. एक मिलिमीटर लांबी वाढली तर साधारण अडीच-तीन नंबर चढतो. तो लांबलेला डोळा आखूड करणारी गोळी कुठल्याही मेडिकलमध्ये मिळत नाही. बांगडा आणि तिसऱ्या (शिंपल्या) तू लहानपणापासून खातोस, तिसऱ्यांत तर बी-१२ भरपूर. तेव्हा माझ्यासारखी उणीव तुझ्यात असेल असं मला वाटत नाही. तरी शंका असेल तर रक्त तपास, अंदाजानं इंजेक्शन नको.

अ जीवनसत्त्वाचं म्हणशील, तर ते चमत्कार करतं, पण रातांधळेपणात. अंधुक उजेडात पाहायला डोळ्याच्या पडद्यात जे रंगद्रव्य लागतं, ते याच जीवनसत्त्वापासून बनतं. नोकरीच्या सुरुवातीला दिवेलागणीला उंबऱ्याला अडखळणारं एक पोर मी पाहिलं होतं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा ठिपका होता. डोस दिल्यावर दोन-तीन दिवसांत ते संध्याकाळी अंगणात पळायला लागलं. सरकारनं १९७० साली लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा कार्यक्रम सुरू केला तो उगाच नाही. आता नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिला डोस, दीड वर्षाच्या सुमारास दुसरा आणि पुढे पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी एक. तुला रात्री मोटारसायकलवर समोरचे दिवे फुटलेले दिसतात, तो रातांधळेपणा नव्हे. आधी चष्म्याचा नंबर तपास आणि ओरखडे पडलेल्या काचा बदल.

तरीही अ जीवनसत्त्व हवंच असेल तर पावसात टाकळा आहे, अळू आहे, परसात शेवग्याचा पाला आणि पपई आहे. वर ओलं खोबरं घाल, कारण हे जीवनसत्त्व अंगी लागायला स्निग्धांश लागतो. बाटलीतलं तयार अ जीवनसत्त्व मात्र जास्तीचं झालं तर लघवीवाटे जात नाही, यकृतात साठतं. तुझी वहिनी गरोदर आहे ना? ही बाटली तिला अजिबात देऊ नकोस. त्याचा मोठा डोस पोटातल्या बाळाला घातक असतो.

तुझ्या बाटलीवर ल्युटीन आणि झिॲक्सँथिन ही पालेभाज्यांतल्या पिवळ्या रंगद्रव्यांची नावं आहेत, ती हवेतून आलेली नाहीत. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटनं ५५ ते ८० वयाच्या माणसांवर मोठा अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष २००१ साली आले. क आणि ई जीवनसत्त्व, बीटा कॅरोटीन (यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं), जस्त आणि तांबं असं मिश्रण दिलं होतं. पडद्याच्या मध्यभागाची झीज ज्यांच्यात बरीच पुढे गेली होती, त्यांच्यात ती गंभीर टप्प्याला जाण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. धोका कमी झाला, चष्मे सुटले नाहीत. मोतीबिंदूवरही फरक पडला नाही. बीटा कॅरोटीननं विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढतो हे आधीच दिसलं होतं, म्हणून पुढच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली आल्यावर त्याच्या जागी ल्युटीन आणि झिॲक्सँथिन आली. म्हाताऱ्यांच्या एका ठरावीक आजाराचं हे औषध पंचविशीतल्या पोराला ‘नजर तेज करा’ म्हणून विकतात, याचा मला राग येतो.

आणि वरच्या वाडीतल्या आजोबांचा दाखला मला देऊ नकोस. कुठल्याशा पावडरीनं त्यांचा वाचायचा चष्मा सुटला म्हणून सांगत फिरतात. मोतीबिंदू पिकताना भिंग घट्ट होतं, माणसाला जवळचं काही काळ बिनचष्म्याचं दिसू लागतं आणि लांबचं बिघडत जातं. त्यांना घाटीवरून येणारी एसटीची पाटी वाचायला सांग. विकणारा हे विचारणार नाही, तू विचार.

दिवसभर स्क्रीनकडे पाहून जळजळ होते म्हणतोस, ती पापण्या कमी मिटल्यानं. अधूनमधून उठून लांब, खाडीपलीकडे बघ, पापण्या मिट. बाटली परत घेतात का विचार, आणि त्या पैशांत पडद्याची नीट तपासणी करून घे. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं ने, आयुर्वेदिकसुद्धा. बाहुली मोठी करायला थेंब घालतात, मग काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उन्हाचा त्रास होतो. तेव्हा मोटारसायकल घरीच ठेव, एसटीनं जा. रिपोर्टचा फोटो पाठव.

तुझे,
सर