दारू सोडण्यासाठी पहिल्या मीटिंगला जाण्याआधी

रोज भरपूर पीत असाल, तर आधी डॉक्टर गाठा. दारू एकदम तोडली की पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. हे जिवावर बेतू शकतं.

मग अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे दारू सोडताना एकमेकांना आधार देणाऱ्यांच्या संघटनेची, जवळची मीटिंग शोधा. फी नाही, पूर्ण नावही सांगावं लागत नाही. बोलवत नसेल तर नुसतं ऐका. घरच्यांना सोबत न्यायचं असेल, तर मीटिंग ‘खुली’, म्हणजे न पिणाऱ्यांनाही येता येईल अशी, आहे ना, ते विचारून घ्या.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- एका मीटिंगवरून मत बनवतात. चार-पाच वेगळ्या गटांत बसून पाहा.
- संपताच निघून जातात. थांबा, दोघा-तिघांचे नंबर घ्या आणि तलफ आली की पिण्याआधी फोन करा. सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच.
- पुन्हा प्यायल्यावर लाजेनं येणं सोडतात. दुसऱ्याच दिवशी या, कुणी हाकलत नाही.