आजीचा मिक्सर अमेरिकेत चालेल का?

प्रश्न : लग्नानंतर मी न्यू जर्सीला राहायला जाणार आहे. आजीने रुखवतात दिलेला 750 वॅटचा मिक्सर, इस्त्री, छोटा वेट ग्राइंडर आणि देवघरातली दिव्यांची माळ न्यायची इच्छा आहे. मामा म्हणतात, ॲडॉप्टर लावला की सगळं चालतं. खरंच चालतं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही चालत. ॲडॉप्टर फक्त पिनेचा आकार जुळवतो. आपल्या घरात 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झची वीज येते, तिथल्या साध्या सॉकेटमध्ये 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झची. म्हणून आधी प्रत्येक वस्तू उलटी करा आणि बुडाची पट्टी वाचा. '100-240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ' असं छापलेलं असेल तर बिनधास्त न्या. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर बहुतेक असेच असतात. माळेवर नुसतं 220 किंवा 230 असेल तर ती राहू द्या, तिथे नवी स्वस्तात मिळेल.

इस्त्रीही इथेच ठेवा. व्होल्टेज निम्म्यावर आलं की उष्णता जेमतेम चौथाई उरते. हजार वॅटची इस्त्री तिथे पावणेतीनशे वॅटची होईल, सुती साडीची सुरकुतीसुद्धा जाणार नाही.

मिक्सरचं मात्र सविस्तर सांगतो, कारण आजीच्या मिक्सरवर जीव असतो हे दुरुस्तीच्या टेबलावर मी कायम पाहत आलोय. त्यातली कार्बन ब्रशची मोटर 50 हर्ट्झवर आणि 60 हर्ट्झवर सारखीच चालते, अडचण व्होल्टेजची आहे. थेट लावलात तर तो मंद फिरेल, ओलं खोबरं घातलं की अडेल आणि वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, तापेल. त्याला स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर, म्हणजे तिथलं व्होल्टेज वाढवून आपल्याइतकं करणारी पेटी, लागतो. सुरू होताना मोटर जास्त करंट ओढते, म्हणून तो दुप्पट क्षमतेचा, 1500 वॅटचा घ्या. हा जड असतो, त्यामुळे इथून नेऊ नका, तिथेच घ्या. काम झालं की त्याचाही प्लग काढा, नाहीतर रिकामा असतानाही वीज खातो. प्रवासासाठी म्हणून विकतात ते हलके, स्वस्त कन्व्हर्टर मोटरला लावू नका. त्यातले बरेचसे हेअर ड्रायरसारख्या तापणाऱ्या वस्तूंपुरतेच असतात.

आणि एक कळकळीने सांगतो. अमेरिकन घरात कपडे वाळवायच्या मशीनसाठी 240 व्होल्टचं सॉकेट असतं. कोणीतरी सुचवेल, पिन बदलून त्यातच लावा. अजिबात लावू नका! तिथे दोन्ही तारा जिवंत असतात, प्रत्येकीत 120 व्होल्ट. आपल्या मिक्सरचं बटण सहसा एकच तार तोडतं, म्हणजे बटण बंद असूनही आत वीज राहते. शिवाय त्या सॉकेटचा ब्रेकर साधारण 30 अँपिअरचा असतो. मिक्सरची बारीक वायर जळू लागली तरी तो वेळेवर पडेल याची खात्री नाही.

वेट ग्राइंडरमध्ये बहुधा इंडक्शन मोटर असते. तिचा वेग हर्ट्झवर ठरतो, म्हणून ट्रान्सफॉर्मर लावूनही ती जवळजवळ वीस टक्के जोरात फिरेल. तो नेऊ नका.

माझं मत विचाराल तर रोजच्या वाटणासाठी तिथल्या भारतीय दुकानांत 110 व्होल्टचा आपल्या पद्धतीचा मिक्सर मिळतो, तो घ्या. आजीचा मिक्सर न्यायचाच असेल तर ट्रान्सफॉर्मरचा खर्च धरून न्या, आणि निघण्याआधी कार्बन ब्रशची एक जोडी सांगलीतच घेऊन ठेवा. त्या मॉडेलचे ब्रश तिथे शोधत बसावे लागतील.