घानात नोकरीसाठी जातोय. तिथे इंग्रजीवर भागतं का, की स्थानिक भाषा शिकावी लागेल? शिकायची तर कोणती?

भागतं. राजभाषा इंग्रजीच आहे. ऑफिस, बँक, दवाखाना, कुठेच अडणार नाही. तरी ट्वी ही तिथली भाषा थोडी शिकाच. मी तेमाला बंदराजवळच्या एका कारखान्यात तीन वर्षं होतो, त्यावरून सांगतो.

भाषा किती, तर ऐंशीच्या आसपास. शाळा आणि पुस्तकांसाठी सरकारने त्यातल्या ११ धरल्या आहेत. त्यांपैकी असांते ट्वी, अकुआपेम ट्वी आणि फांते या तिन्ही खरं तर आकान या एकाच भाषेच्या बोली. बोलताना एकमेकांचं कळतं, पण लिहायच्या पद्धती आधीच वेगवेगळ्या रुळलेल्या, मग मोजताना तीन. (असांते लोकांच्या मुलखाला इंग्रजीत 'अशांती' म्हणतात. कामासाठी अशांतीत जातोय असं फोनवर सांगितल्यावर आईने देवापुढे दिवा लावला होता.)

ट्वी शिका म्हणतो, कारण ती मातृभाषा नसलेलेही बाजारात तीच बोलतात. पण राजधानी अक्रा ट्वीचं गाव नाही. तिथले मूळचे लोक गा, त्यांची भाषाही गा, आणि आपल्याच गावात आपली भाषा मागे पडली ही त्यांची सल. मुंबईकराला हे वेगळं समजवायला नको. रबरी चपलेला तिथे सगळेच 'चालेवोते' म्हणतात, तो शब्द गा लोकांकडचा: 'चल मित्रा, जाऊ या'. पायात सरकवली की निघालं!

पूर्वेला व्होल्टा भागात इवे. सीमेपलीकडे टोगोतही तेच लोक, तीच भाषा. फक्त तिकडच्या शाळेत फ्रेंच. उत्तरेत तर सगळंच बदलतं. तमाले शहरात दागबानी चालते, तिचं ट्वीशी नातं फार लांबचं. मी तिथे मोठ्या ऐटीत दुकानदाराशी ट्वीत बोललो. त्याने शांतपणे इंग्रजीत उत्तर दिलं आणि भावही कमी केला नाही. तिकडे मुसलमान वस्ती बरीच, त्यामुळे हौसाही कानावर पडते. सांगायचं काय, तर समोरचा ट्वीच बोलत असेल असं गृहीत धरू नका, आधी विचारा.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. तिथलं इंग्रजी सुरुवातीला चक्रावून टाकतं. पहिल्या आठवड्यात आमचा स्टोअरकीपर 'आय अ‍ॅम कमिंग' म्हणाला आणि दाराबाहेर निघून गेला! मी दहा मिनिटं तसाच उभा. मग डोक्यात प्रकाश पडला, अरे, हा तर 'येतो हं' म्हणाला. ट्वीतला 'मेरेबा' त्याने इंग्रजीत घातला होता. डबा उघडला की कुणीही 'यू आर इन्व्हायटेड' म्हणतं, म्हणजे आपलं 'या जेवायला'. लगेच हात धुऊन बसायचं नसतं, हेही आपल्यासारखंच. 'स्मॉल स्मॉल' म्हणजे थोडं थोडं, हळूहळू. युरोपियन सहकाऱ्यांना हे कुणीतरी समजावून सांगावं लागायचं, मला मराठीत उलटवलं की कळायचं.

सुरुवातीला एवढं पुरे: 'एते सेन?' म्हणजे कसं काय, 'मेदासे' म्हणजे आभार, आणि भाव करताना 'ते सो काक्रा', जरा कमी करा. शेवटचं हसत म्हणायचं, निम्मं काम हसण्यानेच होतं. उच्चारात सूर महत्त्वाचा, तो पुस्तकातून येत नाही. ट्रोट्रोत, म्हणजे तिथल्या वडापमध्ये, बसलात की येतो. कामाचं बोलण्याआधी विचारपूस करा, नाहीतर उद्धट ठराल. पैसे डाव्या हाताने देऊ नका.

आणि जाण्याआधी पत्रिका काढून आपला जन्म कुठल्या वारचा ते बघून ठेवा. आकान लोकांत जन्मवारावरून नाव असतं: घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा शनिवारचे, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस होते ते कोफी अन्नान शुक्रवारचे. बायकांची नावं वेगळी, शुक्रवारची आफिया, शनिवारची आमा. भाजीवाली पहिल्या-दुसऱ्या भेटीतच वार विचारेल आणि नाव ठेवून मोकळी होईल. मी मंगळवारचा. तीन वर्षं तेमाच्या बाजारात मला माझ्या खऱ्या नावाने कुणी हाक मारली नाही, क्वाबेनाच होतो.