पाऊण किलो पेट्रोल, सव्वादोन किलो सीओटू?

प्रश्न : मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी घरचा कार्बन फुटप्रिंट, म्हणजे आपल्या घरामुळे हवेत किती तापवणारे वायू जातात त्याचा हिशेब, काढत होतो. एका तक्त्यात दिलंय, १ लिटर पेट्रोल जाळलं की २.३ किलो सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड. अहो, पण १ लिटर पेट्रोलचं वजनच पाऊण किलो! शिवाय कुठे नुसतं ‘कार्बन’, कुठे ‘सीओटू’, कुठे ‘सीओटू-ई’. हे सगळं एकच का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आकडा बरोबर आहे हो, आणि तुमची शंका पण रास्त आहे. जास्तीचं वजन येतं हवेतून. पेट्रोलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, १२ ग्रॅम कार्बनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन चिकटतो आणि ४४ ग्रॅम सीओटू तयार होतो. आपल्या स्वयंपाकघरातलं १४.२ किलो गॅसचं सिलिंडर संपतं ना, तोवर साधारण ४२ किलो सीओटू खिडकीतून बाहेर गेलेला असतो.

आता खरा घोळ. शास्त्रज्ञ पुष्कळदा नुसता कार्बन मोजतात, सरकारी आकडे सीओटूमध्ये असतात आणि बातमीत दोन्हीचं होतं ‘कार्बन’! १ टन कार्बन म्हणजे सुमारे ३.६७ टन सीओटू, म्हणजे गफलत झाली तर हिशेब सरळ साडेतीनपटीच्या वर चुकतो.

सीओटू-ई मधला ‘ई’ म्हणजे इक्विव्हॅलंट, सममूल्य. डॉलर, दिरहॅम सगळे रुपयात करून बेरीज मारतो तसंच हे, भातखाचरातला, गुरांच्या रवंथातला, कचरा डेपोतला मिथेन, हाही पृथ्वी तापवणारा वायू, सीओटूच्या भावात बदलायचा. फक्त रेट ठरतो किती वर्षांचा हिशेब धरला त्यावर : १०० वर्षं धरली तर १ किलो मिथेन साधारण २८ किलो सीओटूएवढा तापवतो, २० वर्षं धरली तर ८० च्या वर, कारण मिथेन सुरुवातीला जबरदस्त तापवतो पण बाराएक वर्षांत बराचसा विरून जातो. बहुतेक सरकारी आकडे १०० वर्षांचे असतात.

आणि हो, घरी इलेक्ट्रिक स्कूटर असेल तर तिच्यापुढे जाहिरातीतलं ‘झीरो एमिशन’ बघून शून्य लिहू नका. शून्य आहे ते सायलेन्सरपाशी, तोही नसतोच म्हणा. आपली बरीचशी वीज कोळशाची, युनिटमागे ७०० ग्रॅमच्या आसपास सीओटू, म्हणजे ३ युनिटचं चार्जिंग झालं साधारण २ किलो. तेवढ्याच अंतराला पेट्रोलच्या स्कूटरला दोनएक लिटर लागेल, ते किती किलो होतं हे आता मुलीलाच काढू द्या.