वाचकांचे प्रश्न : रोज जवळ बाळगायच्या पिस्तुलात काडतूस कोणते?

प्रश्न : मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. अमेरिकेचा नागरिक झाल्यावर रीतसर प्रशिक्षण घेऊन पिस्तूल जवळ बाळगण्याचा परवाना काढला. दुकान बंद करून रात्री रोकड घेऊन घरी यावे लागते. टेक्सासमधला माझा चुलतभाऊ म्हणतो, हॉलो पॉइंटशिवाय दुसरे काही भरू नकोस. रेंजवरचे प्रशिक्षक म्हणतात, ते इथे चालणार नाही. पिस्तूल ९ मिलिमीटरचे असून नळी ३ इंचांची आहे. नेमके काय भरावे?

उत्तर : आपल्या भावाचा सल्ला टेक्सासपुरता योग्य आहे आणि राहता आपण न्यू जर्सीत, त्यामुळे प्रशिक्षकांचे ऐकावे. तरी भाऊ असे का म्हणतो, हे समजून घेतल्याशिवाय निवड करता येणार नाही.

सरावासाठी वापरतात ती गोळी पूर्ण तांब्याच्या आवरणाची असते. ती आकार न बदलता आत शिरते आणि पुष्कळदा आरपार जाऊन मागे उभ्या असलेल्या निरपराध माणसाला लागू शकते. हॉलो पॉइंट गोळीच्या टोकाला पोकळी असते. शरीरात शिरताच ते टोक उमलते, गोळी रुंद होते आणि तिचा वेग तिथेच खर्ची पडतो. अमेरिकेतील बहुतेक पोलीस दले हीच गोळी वापरतात.

न्यू जर्सीचा कायदा मात्र निराळा आहे. पोकळ टोकाची गोळी विकत घेणे, घरी ठेवणे किंवा रेंजवर नेणे येथे चालते. पण आपल्यासारख्या सामान्य परवानाधारकाने ती पिस्तुलात भरून रस्त्यावर हिंडणे हा चौथ्या श्रेणीचा गुन्हा ठरतो आणि त्याला १८ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पोकळीत पॉलिमर भरलेल्या गोळ्या, उदाहरणार्थ हॉर्नडी कंपनीच्या क्रिटिकल डिफेन्स आणि क्रिटिकल ड्यूटी, पोकळ टोकाच्या व्याख्येत बसत नाहीत, अशी राज्य पोलिसांची भूमिका आहे. म्हणून आपल्या राज्यातले पुष्कळ परवानाधारक त्याच भरतात आणि आपणही तिथूनच सुरुवात करावी असे आम्हाला वाटते. कायदा आणि पोलिसांची भूमिका दोन्ही बदलू शकतात, तेव्हा खरेदीपूर्वी राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावरील ताजी सूचना वाचून घ्यावी.

पॉलिमरचा आणखी एक उपयोग आहे. जाड कपड्यांतून जाताना साध्या हॉलो पॉइंटच्या पोकळीत कापडाचे तुकडे गच्च बसतात आणि मग टोक उमलतच नाही. जानेवारीत तिकडे माणसे जे तीन-तीन थरांचे कपडे घालतात ते पाहता ही अडचण किरकोळ नाही. पोकळी आधीच भरलेली असेल तर कापडाला शिरायला जागाच उरत नाही.

आता नळीविषयी. नळी जितकी आखूड तितका गोळीचा वेग कमी, आणि वेग एका मर्यादेखाली गेला की उमलणे बेभरवशाचे होते. म्हणून आखूड नळीच्या पिस्तुलांसाठी मुद्दाम तयार केलेली काडतुसे घ्यावीत. क्रिटिकल डिफेन्सची ११५ ग्रेन वजनाची गोळी (१ ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम) याच हेतूने बनवलेली आहे. क्रिटिकल ड्यूटीची १३५ ग्रेनची गोळी पोलिसांच्या मोठ्या पिस्तुलांना नजरेसमोर ठेवून केलेली असून ती अधिक खोल जाते.

खोलीला इतके महत्त्व का, याचे उत्तर ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत मिळाले. बँक लुटारूंशी झालेल्या चकमकीत एफबीआयच्या एका अधिकाऱ्याची ९ मिलिमीटरची ११५ ग्रेनची गोळी एका लुटारूच्या दंडातून छातीत गेली, पण हृदयाच्या अलीकडेच थांबली. तो माणूस त्यानंतरही लढत राहिला आणि त्या दिवशी एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले. पुढे एफबीआयने जिलेटिनच्या ठोकळ्यांवर चाचण्या घेऊन किमान १२ इंच आणि कमाल १८ इंच खोली असा निकष ठरवला; आज काडतुसांविषयी खोलीचे जे आकडे दिले जातात त्यांचे मूळ तेथे आहे. मधल्या काळात १० मिलिमीटर आणि .४० बोअरची लाट आली आणि ओसरलीही. गोळ्यांची घडण सुधारल्यावर एफबीआय पुन्हा ९ मिलिमीटरकडे वळली, त्यामुळे आपले पिस्तूल लहान पडेल ही चिंता नको.

नावापेक्षा अधिक महत्त्वाचे म्हणजे निवडलेले काडतूस आपल्या पिस्तुलात न अडकता चालते का, ही गोष्ट. संरक्षणाची काडतुसे २० किंवा २५ च्या खोक्यांत येतात आणि सरावाच्या मालापेक्षा बरीच महाग असतात, म्हणून लोक एक खोके घेतात, मॅगझीन भरतात आणि एकही न झाडता निर्धास्त होतात. ही काटकसर चुकीच्या जागी आहे. आम्ही निदान शंभर तरी झाडून पाहायला सांगू, आणि तीही आपण जी मॅगझीन रोज वापरता त्यांतूनच. हात घामेजलेला असताना आणि एका हातानेही चालवून पाहावे. ‘प्लस पी’ लिहिलेली काडतुसे अधिक दाबाची असतात (९ मिलिमीटरसाठी कमाल दाब ३५,००० पीएसआय म्हणजे पाउंड प्रति चौरस इंच, प्लस पीसाठी ३८,५००). छोट्या, हलक्या पिस्तुलात त्यांचा धक्का इतका बसतो की दुसरी गोळी भलतीकडेच जाते. आपल्याला त्यांची गरज आम्हाला दिसत नाही.

रोज रात्री चेंबरमधले (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या घरातले) काडतूस काढून सकाळी तेच पुन्हा चढवण्याची सवय अनेकांना असते. प्रत्येक वेळी गोळीचे नाक रॅम्पवर, म्हणजे चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर, आपटते आणि ती हळूहळू केसमध्ये (काडतुसाच्या पितळी पुंगळीत) दाबली जाते. आतली जागा कमी झाली की दाब धोकादायक वाढतो. नव्या काडतुसाशेजारी ते उभे करून उंची ताडून पाहावी आणि किंचितही बुटके दिसले तर ते पुन्हा चढवू नये.

जाता जाता दोन गोष्टी. न्यू जर्सीचा परवाना हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्कमध्ये चालत नाही आणि भाऊ पाहुणा म्हणून आला तर त्याचा टेक्सासचा परवाना न्यू जर्सीत चालणार नाही. तसेच एच-१बी व्हिसावरील वाचकांनी हे उत्तर स्वतःला लागू करून घेऊ नये. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले, तर अशा तात्पुरत्या व्हिसावर पिस्तूलच काय, काडतूस बाळगणेही संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे.

प्रश्न : वडिलांनंतर .३२ चे रिव्हॉल्व्हर परवान्यासह माझ्या नावावर झाले आहे. सोबत त्यांची जुनी काडतुसे आहेत. एका परिचितांनी त्यांच्या .३२ पिस्तुलाची काडतुसे वापरून पाहा असे सुचवले, आणि ती चेंबरमध्ये बसतातही. वापरावीत का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मुळीच नाही. रिव्हॉल्व्हरचे काडतूस .३२ स्मिथ अँड वेसन लाँग आहे, पिस्तुलाचे .३२ एसीपी. व्यास जवळपास सारखा असल्याने दुसरे पहिल्याच्या घरात शिरते खरे, पण त्याचा कमाल दाब २०,५०० पीएसआय आहे आणि आपल्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचा १५,०००. शिवाय दुसऱ्याच्या परवान्यावरची काडतुसे हाती घेणे हा आपल्याकडे सरळसरळ शस्त्र कायद्याचा भंग आहे. आपल्या परवान्यावर जितकी मंजूर असतील तितकीच, अधिकृत विक्रेत्याकडून नोंद करून घ्यावीत. काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ दिसले, तर ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण आहे.

जुन्या काडतुसांपैकी ज्यांवर हिरवा गंज चढला आहे, केसला चीर आहे किंवा गोळी हाताने हलते, ती वेगळी काढून विक्रेत्याकडे अथवा पोलीस ठाण्यात नोंदीसह जमा करावीत. विहिरीत किंवा नदीत टाकू नयेत. उरलेल्यांना चकचकीत ठेवण्यासाठी तेल लावू नये, कारण ते कॅपमध्ये (बुडाशी असलेल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीत) झिरपले की काडतूस फुसके निघते. चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून ३० सेकंद थांबावे. काही वेळा बार उशिरा होतो.